बचावाचा फासा: भूमिका-खेळांतील जादू आणि तिचा प्रतिकार

भूमिका-खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये, मंत्र टाकला म्हणजे काम झाले असे होत नाही. तो समोरच्याला लागतो की नाही, पूर्ण लागतो की अर्धा, हे ठरवणारी दुसरी पायरी असते आणि तिचा निकाल बहुतेक वेळा फासा देतो. अग्निगोल आला तर अंग चोरायचे, वशीकरण झाले तर मनाने झटकायचे, विष भिनले तर शरीराने पचवायचे, अशी विभागणी आजच्या खेळाडूला इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणी मुद्दाम बसवली असेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ही विभागणी पक्की झाली ती २००० साली. त्याआधीचे पाव शतक बचावाचे कोष्टक निराळ्याच तत्त्वावर उभे होते. ते तत्त्व दिसायला ओबडधोबड होते, पण खेळाचा तोल त्याने फार चांगला सांभाळला होता.

जादूपासून बचाव ही कल्पना जादूतून आलेली नाही. ती चिलखतातून आली. इंग्लंडमध्ये छोट्या सैनिकांच्या प्रतिमा मांडून जुन्या लढाया खेळण्याचा छंद विसाव्या शतकाच्या मध्यावर चांगला रुजला होता. टोनी बाथ यांनी प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी केलेल्या नियमांत बाण लागल्यावर चिलखत घातलेल्या सैनिकाला एक जादा फासा मिळत असे. आकडा हवा तसा पडला तर चिलखताने बाण अडवला असे धरायचे आणि सैनिक पटावर राहायचा. हाच ‘सेव्हिंग थ्रो’, बचावाचा फासा. मारणाऱ्याचा फासा पडून गेल्यानंतर मार खाणाऱ्याच्या हाती दिलेली ही शेवटची संधी होती. पुढच्या साऱ्या नियमांत तिचे रूप बदलत गेले. ती संधी मात्र तशीच राहिली.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले. त्याच्या शेवटी कल्पनारम्य लढायांची एक पुरवणी होती आणि तीत मांत्रिक होता. या मांत्रिकाच्या अस्त्रांवर लढाईच्या खेळाचा ठसा स्पष्ट दिसतो. त्याचा अग्निगोल मोठ्या गोफणयंत्राएवढी जागा व्यापतो आणि त्याची वीज अवजड मैदानी तोफेएवढी. म्हणजे मांत्रिक हा पटावर चालणारा तोफखानाच होता. या माऱ्यात साधे सैनिक सरळ मरत. वीर, महावीर अशा नामांकित प्रतिमांना मात्र फासे टाकून वाचता येई. चेनमेलमध्ये प्रतिमंत्राचाही नियम होता. दोन मांत्रिक समोरासमोर आले की वरचढ मांत्रिकाने दोन फाशांवर ७ किंवा अधिक टाकले तर समोरच्याचा मंत्र विझे. दुबळ्याला, तो किती दुबळा त्यानुसार, ८ ते ११ पर्यंतचा आकडा लागे. जादूला जादूने तोडणे आणि जादूतून आपल्या बळावर वाचणे या दोन वाटा इथेच वेगळ्या झाल्या.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून बाहेर पडला. प्रकाशक टीएसआर. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका आणि पहिली छपाई १,००० प्रतींची. त्यातल्या बचावाच्या कोष्टकात पाच रकाने होते. पहिला मृत्युकिरण किंवा विषाचा. दुसरा सगळ्या जादूच्या कांड्यांचा, रूप पालटणाऱ्या आणि लुळे करणाऱ्या कांड्याही त्यातच. तिसरा दगड होण्याचा. चौथा ड्रॅगनच्या फूत्काराचा. आणि पाचवा जादूचे दंड व मंत्र यांचा. वीस बाजूंच्या फाशावर रकान्यातला आकडा किंवा त्याहून मोठा पडला की बचाव झाला. अनुभवाच्या पहिल्या तीन पातळ्यांवरच्या योद्ध्याला हे आकडे ओळीने १२, १३, १४, १५ आणि १६ असे होते. सुरुवातीच्या पातळ्यांवरच्या मांत्रिकाला १३, १४, १३, १६ आणि १५, तर क्लेरिकला, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र मिळवणाऱ्या धर्मयोद्ध्याला, ११, १२, १४, १६ आणि १५.

या आकड्यांत त्या काळची दृष्टी सापडते. विषापासून सर्वांत सुरक्षित तो क्लेरिक. दगड होण्यापासून मांत्रिक जपून असतो, कारण असल्या गोष्टींची त्याला जाण असते. ड्रॅगनच्या आगीपुढे योद्धा इतर दोघांपेक्षा एका आकड्याने बरा, आणि मंत्रांपुढे तोच एका आकड्याने मागे. ‘हे पात्र कशाने वाचते’ असा प्रश्न मात्र कोष्टकात कुठेच नाही. संकट कुठून येते एवढेच तिथे पाहिले आहे. आगीचा मंत्र आणि मोहिनीचा मंत्र एकाच रकान्यात बसतात, कारण दोन्ही मंत्र आहेत. तीच आग कांडीतून आली तर रकाना बदलतो, आणि बदलल्यावर वाचणे सोपे होते. कांडी हे हत्यार आहे, मांत्रिकाच्या तोंडचा मंत्र त्याहून भारी, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

बचाव साधला तर काय होते याचेही दोन प्रकार पहिल्यापासून होते. मृत्युकिरण, रूपांतर, लुळेपणा, दगड होणे आणि मंत्र यांचा परिणाम पूर्ण टळे. विष, ड्रॅगनचा फूत्कार, अग्निगोल वा विजेची कांडी यांचा मार अर्धा होई. आग अंगावर आली म्हणजे थोडे तरी भाजणारच, पण माणूस अर्धा दगड होत नाही, ही साधी समजूत या विभागणीमागे होती. मंत्रांचे ‘सगळे किंवा काहीच नाही’ आणि ‘निदान अर्धे’ असे दोन गट त्या समजुतीतून तयार झाले, आणि आजही कुठला मंत्र केव्हा वापरावा हे खेळाडू याच फरकावर ठरवतात.

रकान्यांमुळे घोटाळेही झाले. रूप पालटणारी कांडी आपल्यावर चालली तर बचाव कांडीच्या रकान्यातून करायचा की रूपांतराच्या? १९७४ च्या कोष्टकाने रूपांतराच्या कांड्या कांडीच्या रकान्यात घालून उत्तर देऊन ठेवले होते. पुढे याच खेळाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेत रूपांतराला दगड होण्याच्या रकान्यात जागा मिळाली. तिच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने रकान्यांचा अग्रक्रमच ठरवून दिला. दोन रकाने लागू पडत असतील तर यादीत आधी येणारा खरा, आणि कांडीचा रकाना रूपांतराच्या आधी.

१९७७ ते १९७९ या तीन वर्षांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन मोठी पुस्तके आली. १९७७ मध्ये राक्षस-पशूंचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, १९७८ मध्ये खेळाडूंचे ‘प्लेयर्स हँडबुक’ आणि १९७९ मध्ये खेळ चालवणाऱ्याचे ‘डंजन मास्टर्स गाइड’. या तिसऱ्या पुस्तकात गायगॅक्स यांनी बचावाच्या फाशामागचा विचार मोकळेपणाने मांडला. खडकाला साखळदंडांनी जखडलेल्या माणसावर ड्रॅगनने आग ओकली तर त्याला बचावाचा फासा द्यावा का? त्यांचे उत्तर होते, द्यावा. आकडा पडला तर त्याला ऐन वेळी खडकातली एखादी कपार सापडली असेल, ज्वाळांखाली अंग चोरता आले असेल, नाहीतर साखळीच सुटली असेल. फासा आधी पडतो आणि कारण मागाहून शोधायचे. त्यांच्या लेखी हा फासा स्नायूंचा किंवा मनोबलाचा हिशेब नव्हता. नशीब, कौशल्य, देवाची कृपा, सगळे त्यात एकत्र होते. वीरकथेचा नायक अशा क्षणी वाचू शकतो, एवढेच त्यांना नियमात बसवायचे होते. आजच्या काटेकोर नियमांच्या तुलनेत ही भूमिका ढिली वाटेल, पण गोष्ट सांगण्याच्या दृष्टीने ती फार उदार आहे.

‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये प्रत्येक मंत्रापुढे बचावाची नोंद छापली गेली: बचावाने परिणाम रद्द, अर्धा, किंवा बचावच नाही. या तिसऱ्या गटाकडे नीट पाहिले तर प्रतिकाराच्या आणखी वाटा दिसतात. निद्रामंत्राला बचाव नव्हता, पण तो दुबळ्या शत्रूंवरच चाले. त्या मंत्रापुरते शत्रूचे बळ हेच त्याचे कवच. एल्फ जातीचे लोक निद्रा आणि वशीकरणाला ९० टक्के अभेद्य होते, अर्ध-एल्फ ३० टक्के. मारून टाकणाऱ्या ‘पॉवर वर्ड किल’ या शब्दमंत्रालाही बचाव नव्हता. समोरच्यात ६० हिट पॉइंटांहून अधिक जीव असेल तर तो शब्द फुकट जाई. ‘मॅजिक मिसाइल’ हा जादूचा बाण कधी चुकत नसे आणि त्याला बचावही नव्हता, पण पहिल्याच पातळीवरचा ‘शील्ड’ हा ढालीचा मंत्र त्याला पूर्ण अडवी. एका विशिष्ट मंत्रासाठी एक विशिष्ट उतारा असण्याचे हे जुने उदाहरण आहे, आणि ही जोडी पुढे जवळजवळ अबाधित राहिली. वरच्या पातळ्यांवर अभेद्य गोलाचे मंत्र होते. त्यांतला धाकटा गोल तिसऱ्या पातळीपर्यंतचे मंत्र आत येऊ देत नसे, थोरला चौथ्या पातळीपर्यंतचे. त्याहून वरचे मंत्र दोन्ही भेदून जात.

याच्या पलीकडे ‘मॅजिक रेझिस्टन्स’ होता. त्याला जादूरोध म्हणता येईल. त्याची पहिली ठळक खूण १९७४ च्या पेटीतच, टोल्किन यांच्या कथांतून उचललेल्या बॅलरॉगच्या वर्णनात आहे. हे नाव पुढे टोल्किन यांच्या हक्कधारकांच्या आक्षेपामुळे गेले आणि तोच प्राणी ‘बॅलोर’ झाला. १९७७ च्या पुस्तकात जादूरोधाचे सूत्र स्पष्ट लिहिले गेले. छापलेली टक्केवारी अकराव्या पातळीच्या मांत्रिकासाठी धरायची, त्याहून खालच्या प्रत्येक पातळीला ५ टक्के वाढवायचे, वरच्या प्रत्येक पातळीला ५ टक्के कमी करायचे. ७५ टक्के जादूरोध असलेल्या बॅलोरवर सोळाव्या पातळीच्या मांत्रिकाचा मंत्र निम्म्या वेळा आत शिरे. सहाव्या पातळीच्या मांत्रिकाला मात्र जादूरोध १०० टक्क्यांवर जाऊन दार पूर्ण बंद होई. मंत्र हा अडथळा ओलांडून गेला तरी पुढे नेहमीचा बचावाचा फासा उभाच असे. जादूरोध हे पहिले दार आणि बचाव हे दुसरे. बलाढ्य प्राण्यांशी लढताना मांत्रिकाला ही दोन दारे ओलांडायची असत, आणि म्हणून अशा लढायांत तलवारीचे मोल टिकून राहिले. १९८९ च्या आवृत्तीने मांत्रिकाच्या पातळीचा हिशेब काढून टाकला आणि जादूरोध सर्वांसाठी सारखा केला. गणित सोपे झाले, पण मुरलेल्या मांत्रिकाला त्याच्या तपाचे फळ मिळेनासे झाले.

जादूरोधाची मर्यादा सांगताना दुसऱ्या आवृत्तीने जे उदाहरण दिले त्यातला प्राणी मराठी वाचकाला परका नाही. तो आहे राक्षस. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस भारतातला म्हणून आला. व्याघ्रमुखी, भ्रम निर्माण करणारा, दुसऱ्याच्या मनातले ओळखून विश्वासू माणसाचे रूप घेणारा. आठव्या पातळीखालचा कुठलाही मंत्र त्याला लागत नसे. साध्या शस्त्राने त्याला जखम होत नसे, पण क्लेरिकने अभिमंत्रित केलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो जागच्या जागी मरे. हा बाण पुराणांतला नाही. १९७४ मध्ये ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात राक्षस असाच बाण मारून संपवला होता. तरीही पूर्ण अभेद्यता आणि तिच्यात ठेवलेली एक फट ही रचना आपल्या ओळखीची आहे. देव, दानव, यक्ष यांच्याकडून मरण येऊ नये असा वर मागताना रावणाने माणसाला मोजले नाही, आणि रामायणाची सगळी कथा त्या एका फटीतून चालते. खेळातला राक्षस अमेरिकी पडद्यावरून आला असला तरी त्याच्या संरक्षणाचा घाट वरदानाचाच आहे.

दुसऱ्या आवृत्तीतले उदाहरण असे की राक्षस एका दगडी पुलावर उभा आहे आणि मांत्रिक दगडाचा चिखल करणारा मंत्र पुलावर टाकतो. राक्षसाची अभेद्यता इथे उपयोगी पडत नाही. मंत्र पुलावर आहे. राक्षस पडतो तो पूल गेल्यामुळे. यातून एक महत्त्वाचे तत्त्व निघाले. जादूरोध त्या प्राण्याला थेट लागणाऱ्या जादूपुरता असतो, जादूने जगात जो बदल घडला त्याच्या परिणामांपुरता नाही. तेव्हापासून मंत्रांची एक नवी विभागणी खेळाडूंच्या डोक्यात पक्की बसली: अंगावर जाणारे मंत्र आणि भोवताल बदलणारे मंत्र. अभेद्य शत्रूशी लढणारा हुशार मांत्रिक त्याच्यावर मंत्र टाकत नाही. त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतो.

याच काळात इतर खेळांनी हाच प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला. केन सेंट आंद्रे यांच्या १९७५ च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये बचाव नशिबाच्या गुणांवर टाकला जाई. १९७८ मध्ये केऑसियमने काढलेल्या ‘रूनक्वेस्ट’चा मार्ग अगदी सरळ होता. प्रत्येक पात्राला ‘पॉवर’ नावाचा आत्मबळाचा गुण असे, आणि मंत्र टाकणाऱ्याचे बळ विरुद्ध समोरच्याचे बळ असा सामना होई. दोघे सारखे असतील तर संधी ५० टक्के, आणि फरकाच्या प्रत्येक गुणाला ५ टक्के कमी-जास्त. १४ बळाचा माणूस १० बळाच्या माणसावर मंत्र टाकतो तेव्हा ७० टक्के वेळा यशस्वी होतो. इथे मंत्र कुठल्या प्रकारचा याला फारसे महत्त्व नाही. कोण कोणावर टाकतो याला आहे. १९८९ च्या ‘शॅडोरन’ने मंत्रांचे दोन भाग केले. प्राणशक्तीवर चालणाऱ्या मंत्रांचा प्रतिकार इच्छाशक्तीने करायचा, भौतिक मंत्रांचा शरीराने.

सर्वांत खोल विचार केला तो १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ने. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हागेन यांचा हा खेळ मध्ययुगीन युरोपात घडतो, आणि जादूपासूनचा बचाव हा त्याच्या इतिहासाचाच पाया आहे. खेळातल्या कथेनुसार एके काळी मांत्रिक एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत, कारण भेटणे म्हणजे दुसऱ्याच्या मंत्रापुढे उघडे पडणे. मग बोनिसागस नावाच्या मांत्रिकाने ‘पार्मा मॅजिका’ ही जादूची ढाल शोधली, तिच्या आधाराने मांत्रिक एका छताखाली बसू लागले, आणि इ. स. ७६७ मध्ये त्यांचा संघ उभा राहिला. एक बचावाचा नियम, आणि त्याच्यामुळे समाज. ही कल्पना भूमिका-खेळांच्या साऱ्या साहित्यात उठून दिसते. ढाल रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला नव्याने बांधावी लागते. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत तिचे बळ म्हणजे पार्मामधल्या प्रावीण्याची पाचपट, अधिक ज्या तत्त्वाची जादू अंगावर येते त्या तत्त्वातले ज्ञान. अग्नीचा जाणकार अग्नीपासून जास्त सुरक्षित, शरीराच्या जादूचा जाणकार शापांपासून. मंत्र टाकणाऱ्याने मंत्राच्या पातळीपेक्षा किती जास्त जोर लावला यावर त्याची भेदकता ठरते, आणि ती ढालीहून अधिक असेल तरच मंत्र आत जातो. म्हणून इथे छोटा मंत्र मोठ्या जोराने टाकणे हे महामंत्रापेक्षा घातक ठरू शकते.

काटेकोर नियमालाही फट असते, आणि या ढालीची फट त्या खेळाच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. पाचव्या आवृत्तीत जादूने धरून ठेवलेली कुठलीही वस्तू ढाल अडवते. मग शत्रूच्या तलवारीवर एक निरुपद्रवी मंत्र टाकून गुलाबी ठिपका उमटवला तर? तलवार आता जादूची झाली, आणि ढालीवर आपटून थांबली. उलट बाजूने, खराखुरा धोंडा जादूने भिरकावला तर आदळण्याच्या क्षणी त्यात जादू उरलेली नसते, म्हणून ढाल त्याला अडवत नाही. टाकणाऱ्याला नेम मात्र साधावा लागतो. राक्षसाच्या पुलाखाली जे तत्त्व होते तेच इथे पुन्हा दिसते.

१९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली. तिच्या मुख्य रचनाकारांत माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्याबरोबर आर्स मॅजिकाचे जोनाथन ट्वीटही होते. पाच रकाने गेले आणि तीन बचाव आले: फोर्टिट्यूड म्हणजे शरीराची तग, रिफ्लेक्स म्हणजे चपळाई आणि विल म्हणजे मनोबल. बीज जुनेच होते. १९७८ च्या पुस्तकातही मनावरच्या हल्ल्यांपासून वाचायला शहाणपणाचे गुण मदत करत आणि चुकवता येण्याजोग्या माऱ्यापासून चपळाईचे. आता तेच मुख्य झाले. ‘संकट कुठून आले’ ऐवजी ‘माझ्यातले काय त्याला तोंड देते’ हा प्रश्न मध्यभागी आला, आणि मंत्रांची ओळखही त्यावरून ठरू लागली. जाडजूड दैत्यावर मनाचा मंत्र टाकावा, हडकुळ्या मांत्रिकावर शरीराचा, चपळ चोरावर आगीचा कधीच टाकू नये. कारण चोराला बचाव साधला की अर्धाही मार न खाण्याची हातोटी होती.

जादूरोधाचे नाव स्पेल रेझिस्टन्स झाले आणि टक्केवारी जाऊन आकडा आला. मांत्रिकाने फाशात आपली पातळी मिळवून तो गाठायचा. मुरलेल्या मांत्रिकाचे फळ असे परत मिळाले. प्रत्येक मंत्रापुढे दोन नोंदी छापल्या: कोणता बचाव, आणि जादूरोध लागू की नाही. या दुसऱ्या नोंदीने नवा खेळ सुरू केला. जादूने घडवलेली ऊर्जा आणि मंत्राने बोलावून आणलेला खरा पदार्थ यांत फरक केला गेला. आम्लाचा बाण हा बोलावून आणलेला पदार्थ, म्हणून त्याला जादूरोध नाही. २००४ च्या ‘कम्प्लीट आर्केन’मध्ये अग्नी, शीत, वीज अशा प्रत्येक प्रकारचे गोळे याच वर्गात घातले गेले. ते नेम धरून फेकायचे आणि जादूरोधाला विचारायचे नाही. जादूरोध लागू होणाऱ्या जवळजवळ साऱ्या मंत्रांना अभेद्य असलेले गोलेम नावाचे पुतळे या गोळ्यांपुढे उघडे पडले. पुलाच्या चिखलासाठी निघालेली पळवाट आता सरळ हल्ल्याचीच वाट झाली. हे तत्त्वाचे ताणणे होते, विस्तार नव्हे.

आणखी मोठा बदल आकड्यांत होता. जुन्या कोष्टकात बचावाचा आकडा बहुधा मार खाणाऱ्याच्या पातळीवरच ठरे. अ‍ॅडव्हान्स्डमधला पहिल्या पातळीचा योद्धा मंत्राला १७ वर वाचे, म्हणजे २० टक्के वेळा. सतराव्या पातळीचा ६ वर, म्हणजे ७५ टक्के वेळा, मग समोर कितीही थोर मांत्रिक असो. तिसऱ्या आवृत्तीत बचावाचे लक्ष्य म्हणजे १०, अधिक मंत्राची पातळी, अधिक मांत्रिकाच्या बुद्धीचा वाढावा. नवव्या पातळीचा मंत्र आणि बुद्धीचे ७ मिळून ते २६ होते. सतराव्या पातळीच्या योद्ध्याचे मूळ मनोबल ५ आणि शहाणपणाचा एखादा गुण धरला तर त्याला फाशावर २० च लागतो. ७५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. बचाव वाढवणारा उत्तमातला उत्तम जादूचा झगा घातला तरी ३० टक्के. वरच्या पातळ्यांवर मांत्रिक सर्वांना भारी पडतात ही त्या आवृत्तीबद्दलची नेहमीची तक्रार बरीचशी याच बदलातून आली. पाच रकान्यांचे तर्कशास्त्र विस्कळीत होते हे खरे. पण अनुभवी योद्ध्याचे जादूपासून रक्षण त्यांनी केले होते, आणि सुसंगतीच्या नादात ते हातचे गेले.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने फासा बचाव करणाऱ्याच्या हातातूनच काढून घेतला. तिन्ही बचाव चिलखताच्या आकड्यासारखे स्थिर झाले आणि मांत्रिक त्यांच्याविरुद्ध फासा टाकू लागला. बचावाचा फासा हे नाव उरले ते अंगावर बसलेला परिणाम झटकण्यासाठी. आपल्या पाळीच्या शेवटी १० किंवा अधिक पडले की सुटका. जादूरोध गेलाच. कधी न चुकणाऱ्या जादूच्या बाणालाही नेम धरावा लागला, पण २०१० मध्ये तो पुन्हा अचूक करण्यात आला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने फासा परत दिला आणि बचाव सहा केले, पात्राच्या सहा मूळ गुणांचे. योद्धा, मांत्रिक अशा पात्रांच्या प्रत्येक वर्गाला दोन बचावांत प्रावीण्य मिळते, एक नेहमी लागणाऱ्यांतले आणि एक क्वचित लागणाऱ्यांतले, कारण आग, विष आणि मोहिनी चपळाई, तग व शहाणपण यांवरच येतात. बुद्धीच्या बचावाची वेळ कमीच येते. जादूरोध असलेला प्राणी आता दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा धरतो. ११ हवे असतील तर ५० टक्क्यांची संधी ७५ टक्के होते. पूर्वीची दोन दारे यात एक झाली. मोठ्या शत्रूंना ‘लेजंडरी रेझिस्टन्स’ मिळाला, म्हणजे दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, बचाव फसला तरी साधला असे म्हणण्याचा हक्क. एका मंत्रात मुख्य शत्रू गारद होऊन लढाई संपू नये म्हणून केलेली ही तरतूद आहे. पायझोच्या ‘पाथफाइंडर’ने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तोच प्रश्न निकालाच्या चार पायऱ्या करून हाताळला: मोठ्या यशाला काहीच मार नाही, यशाला अर्धा, अपयशाला पूर्ण आणि मोठ्या अपयशाला दुप्पट.

पाचव्या आवृत्तीतला प्रतिमंत्र सुरुवातीला हमखास होता. तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र तो फाशाशिवाय विझवत असे. २०२४ च्या सुधारित नियमांत ज्याचा मंत्र तोडायचा त्यालाच तग धरण्याचा बचाव मिळाला. राक्षसाचेही तसेच झाले. २०१४ मध्ये सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध लागत नसत आणि वरच्या मंत्रांविरुद्ध तो दोन फासे टाकी. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये पातळीची अट गेली: मंत्रांविरुद्धचा त्याचा प्रत्येक बचाव आपोआप साधतो आणि नेम धरून टाकलेला मंत्र आपोआप चुकतो. अग्निगोलासारख्या मंत्राचा अर्धा मार मात्र त्याला आता बसतो, कारण त्या मंत्रापुढे बचाव साधला म्हणजे मार अर्धा होतो, टळत नाही.